घासलेला डबा

माझ्या बाजूला उभं राहून कोळंबी सोलणाऱ्या एका बाईवर अन्याय झाला. गेल्या वर्षी, नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत. म्हणजे जी सुट्टी त्या दिवशी झालीच नाही, तिच्यात. बाई रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातली. पन्नाशीची, नवरा समुद्रात बुडून गेलेला, घरी एक कॉलेजात शिकणारी मुलगी. सगळी शेड तिला मावशी म्हणायची, मीही म्हणायचे. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण तिला ते नको आहे. कारखान्याचंही लिहीत नाही, पण त्याचं कारण वेगळं. नाव छापलं की वाचणाऱ्याला हायसं वाटतं. तो एक कारखाना वाईट, असं म्हणून तो पान उलटतो, आणि आपल्या दुकानात, आपल्या बागेत, आपल्या स्वयंपाकघरात राबणारी बाई कधी जेवते ते बघायचं राहूनच जातं.

मी पत्रकं लिहायला कॉलेजात शिकले. एसटीच्या फेऱ्या, वसतिगृहातलं पाणी, बंदरावर बायकांसाठी नसलेले संडास. पदवी मिळाली, नोकरी मिळाली नाही. मग कोळंबीच्या सोलाईला लागले. पत्रकं सुटली नाहीत, पण डबा भरायला मात्र मला मावशीनं शिकवलं, आणि दोन्हींत कुठलं काम जास्त कठीण ते अजून मला सांगता येत नाही.

सुरुवातीला मी डबा नेत नसे. आई पहाटे बंदरावर लिलावाला जाते, घरी उरते मी आणि रिकामी चूल. गेटासमोरच्या टपरीवर वडापाव खायचा, चहा प्यायचा, पुन्हा आत. मावशीला ते बघवायचं नाही.

"पेपरात गुंडाळलेलं खातेस," ती म्हणायची. "पोटात निसत्या बातम्या जातायत तुझ्या. म्हणून तू अशी भांडखोर."

"भांडले नसते तर तुम्हाला हातमोजे मिळाले असते का?"

"मिळाले गो. फाटके मिळाले."

तिनं मला तिचा जुना डबा आणून दिला, दोन कप्प्यांचा, झाकणाला पोचा आलेला. पहिल्या दिवशी मी त्यात गरम भात दाबून भरला आणि झाकण लावलं. दुपारपर्यंत तो आंबला. दुसऱ्या वेळी बांगड्याचं सार पातळ झालं आणि पिशवीत सांडलं. त्या पिशवीत संडासाच्या मागणीची पत्रकं होती. आठवडाभर मी बांगड्याचा वास येणारी पत्रकं वाटत फिरले. एका बाईनं हुंगून विचारलं, "मागणी शिजवून आणलीस काय?" मावशी ते ऐकून एवढी हसली की तिला टेबलाला धरून उभं राहावं लागलं.

मग ती शिकवत गेली. भात आधी परातीत पसरायचा, वाफ जाऊ द्यायची. भाकरी फडक्यात. सार न्यायचं नाही, सुकं न्यायचं. आणि तिखट घालायचं नाही. हे शेवटचं मला पटेना. बिनतिखटाचं कालवण हे आमच्याकडे आजाऱ्याचं जेवण. "एक महिना सोल, मग बोल," मावशी म्हणाली. महिनाही लागला नाही. बर्फाच्या पाण्यात दिवसभर हात, त्यात कोळंबीच्या डोक्याचा काटा, त्यात फाटके हातमोजे. बोटांना बारीक चिरा पडतात. त्या चिरांना तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येतं. म्हणून मावशीच्या डब्यात चमचा असायचा. पहिल्यांदा तो बघून मी हसले होते, कारण आमच्या वाडीत मासळीभात चमच्यानं खाणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. पुढे मीही चमचा घेतला. शेडमधल्या बहुतेक बायकांच्या डब्यात चमचा आहे. आमच्या जेवणाला मिरची नाही आणि आमचा घास बोटांनी उचलला जात नाही. ज्यांच्या ताटात ती सोललेली कोळंबी जाते त्यांना हे कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते आहे.

मावशीला साखर होती. सकाळी गोळी घ्यायची आणि वेळेवर जेवायचं, असं डॉक्टरनं बजावलेलं. वेळेवर जेवली नाही तर हात थरथरायचे, कपाळाला घाम यायचा. त्यासाठी ती साखरेची पुडी जवळ ठेवायची, पण ती बाहेर, पिशवीत. आत काही न्यायला बंदी. माल परदेशात जातो, खाण्याचा कण आत चालत नाही, टोपी, अ‍ॅप्रन, गमबूट, दारात औषधाच्या पाण्यातून चालत जायचं. तो नियम मला मान्य आहे. आमच्या अ‍ॅप्रनला खिसा नाही, तेही मान्य. पण मग ज्या माणसाच्या हातात सुट्टीच्या घंटेचं बटण आहे, त्याच्याच हातात तिचा जीवही आहे. हे त्याला माहीत होतं. मी स्वतः सांगितलं होतं, मावशीनंही सांगितलं होतं.

तो माणूस सुपरवायझर. परका नाही, आमच्याच वाडीतला. मावशीच्या अंगणात गोट्या खेळलेला. तिला मावशीच म्हणायचा, आणि हेच मला अजून गिळवत नाही. शिवी देणाऱ्याला उत्तर देता येतं.

त्या सोमवारी पावसाळी मासेमारीची बंदी उठल्यानंतरचा पहिला मोठा माल आला. दारापासून टेबलापर्यंत क्रेट लागले होते, वर बर्फ, खालून पाणी. श्रावणी सोमवार, त्यामुळे अर्ध्या बायकांना उपास. मावशीला नव्हता. आयुष्यभर तिनं सोमवार धरले, साखर निघाल्यावर डॉक्टरनं सोडायला लावले, आणि त्याची तिला लाज वाटायची. सकाळी कपडे बदलताना तिनं डबा उघडून मला दाखवला होता. तांदळाची भाकरी, चवळीची उसळ, चमचा. "खाणार तर हाय, पण मासळी नाय हो आणली आज," ती म्हणाली, जणू कुणाला तरी हिशेब द्यायचा होता. मग झाकण लावून डबा फळीवर ठेवला, माझ्या डब्याच्या शेजारी.

जेवणाची वेळ झाली. घंटा नाही. सुपरवायझर दोन्ही हात जोडत टेबलावरून टेबलावर फिरत होता. "एवढे क्रेट मारून टाका, मग निवांत जेवा. कंटेनर उभा हाय. अर्ध्या जणींना तर उपासच हाय, कसली घाई?"

मावशीनं हात वर केला. "मला सोड रे पाच मिनिटं. गोळी घेतलेली हाय."

"मावशी, तुम्ही उठलात की सगळ्या उठतील. हे एवढंच."

काही वेळानं तिनं परत विचारलं. तो परत तेच म्हणाला, तितक्याच गोड आवाजात. मी काम थांबवलं आणि त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, तिला आत्ता सोड, नाहीतर मी घेऊन जाते. तो म्हणाला, "तू हाय तिथं जा. इथं पत्रक नाय वाचायचं." मी मागे वळले तर मावशी सोललेली कोळंबी सालांच्या टोपलीत टाकत होती आणि सालं मालात. तिला ते कळत नव्हतं. मी तिच्या खांद्याला हात लावायच्या आत ती गेली. सरळ मागे. टेबलामागे पाणी जायची सिमेंटची पन्हळ आहे, तिच्या काठावर डोकं आपटलं. बर्फाचं पाणी वाहत होतं, ते लाल झालं, आणि तरी पुढच्या टेबलावरचे हात चालूच होते, कारण तिकडे कुणाला दिसलं नव्हतं.

मग मात्र घंटा वाजली. त्यानंच वाजवली.

मी आणि तो, दोघं तिला रिक्षातून सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. मी टोपी-गमबुटातच होते. डॉक्टरनं विचारलं, काय झालं. मी तोंड उघडायच्या आत सुपरवायझर म्हणाला, "उपास होता, डॉक्टर. श्रावणी सोमवार."

डॉक्टरनं मान हलवली. नर्सनं मान हलवली. बाकावर बसलेल्या एका अनोळखी बाईनंसुद्धा मान हलवली आणि म्हणाली, "बायका ऐकतच नाहीत." इतकं सगळ्यांना पटलं ते. रत्नागिरीत श्रावणातल्या सोमवारी बाई पडली तर उपासानंच पडणार.

मी म्हटलं, उपास नव्हता. तिनं डबा आणलाय. भरलेला डबा फळीवर आहे.

"असेल तर दाखव," तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा जरा हलला.

मी काकीला फोन लावला. काकी म्हणजे शेडमधली सगळ्यात जुनी बाई, मावशीची शेजारीण. फोन बाहेरच्या पिशव्यांत असतात, त्यामुळे काम सुटेपर्यंत कुणी उचलला नाही. संध्याकाळी उचलला. मी म्हटलं, काकी, मावशीचा डबा तसाच ठेवा, कुणाला हात लावू देऊ नका.

"ठेवलाय ना," काकी म्हणाली. "घासून, पुसून तिच्या लेकीकडे देऊन पण आले."

मी त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात काकीवर ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. पुरावा धुतलात, असंही म्हणाले. काकी सगळं ऐकून घेत होती. मग हळू म्हणाली, "भरला डबा तिच्या लेकीच्या हातात देऊ? तिचा बाप गेला तेव्हा होडीवरनं काय परत आलेलं, म्हायती हाय तुला?"

माहीत होतं. आमच्या वाडीत सगळ्यांना माहीत असतं. होडीवर गेलेला माणूस डबा नेतो. माणूस पाण्यात पडला, तर सोबतचे त्याचा डबा घरी आणून देतात, उघडलेला नसतो तो. घरची बाई डबा हातात घेते, वजन लागतं, आणि पुढचं कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून आमच्यात बायका भरला डबा घरी नेत नाहीत. भूक नसली तरी वाटून टाकतात, वाटायला कुणी नसेल तर कुत्र्याला घालतात, पण घरी जाणारा डबा हलका आणि धुतलेला असतो. त्या दिवशी उपास नसलेल्या दोघींनी मावशीची भाकरी वाटून घेतली, रडत रडत. उसळ गेटावरच्या कुत्र्यापुढे ठेवली. काकीनं नळावर डबा घासला, चमचा घासला, फडकं पिळलं. दुसऱ्या कुठल्या गावच्या बायकांनी डबा तसाच फळीवर सोडला असता. आमच्या बायकांनी मायेनं हात लावला, आणि तिच्या बाजूनं बोलणारी एकमेव वस्तू लखलखीत करून टाकली.

मावशी वाचली. पण उजवा हात गेला. म्हणजे आहे, पण बोटं मिटत नाहीत. बोलणं जड झालं. सोलाईचं काम बोटांचं आहे. कंपनी म्हणाली, आराम करा, बरं वाटलं की बघू. "बघू" या शब्दाला कामगाराच्या कानात एकच अर्थ आहे.

आम्ही कंपनीच्या साहेबांकडे गेलो. मागणी साधी: ती कामावर असताना, सुट्टी न दिल्यामुळे पडली हे मान्य करा, आणि तिला झेपेल असं काम द्या. टोप्या मोजायचं, हातमोजे वाटायचं, काहीही. मी, काकी आणि मावशीची लेक. साहेबांचं ऑफिस थंड होतं, सुपरवायझर बाजूला उभा होता, चहा आला. साहेब आधी म्हणाले, उपासाचं खूळ आहे हो बायकांत. मी म्हटलं, उपास नव्हता. तेव्हा त्यांनी लेकीला विचारलं, फार आपुलकीनं, "बाळ, तुझ्या आईचा डबा घरी आला तेव्हा कसा होता?"

ती म्हणाली, "रिकामा. घासलेला."

"म्हणजे जेवल्या होत्या," साहेब म्हणाले. "मग प्रश्नच मिटला."

एवढं सहज. आत्ताच उपाशी होती म्हणून पडली, आणि आता जेवलेली होती म्हणून आमचा दोष नाही. दोन्ही खोटं एकाच खुर्चीत बसून, एकाच चहात. पोरगी माझ्याकडे बघायला लागली. तिला तोवर खरंच वाटत होतं की सुट्टी उशिरा का होईना झाली आणि आई दोन घास खाऊन पडली. त्या रिकाम्या डब्यानं तिला तेवढा दिलासा दिला होता, आणि तो आम्ही त्या ऑफिसात काढून घेतला.

काकी पुढे सरकली. "डबा मी घासला. भरला होता."

"आणि आतलं?"

"दोघींनी खाल्लं. उसळ कुत्र्याला घातली."

साहेब सुपरवायझरकडे बघून हसले. "म्हणजे ह्यांची मैत्रीण दवाखान्यात, आणि ह्या तिचा डबा खातायत."

काकी उठून बाहेर पडली. खाली येताना जिन्यावर बसली. म्हणाली, "माझ्या तोंडून अन्नाची चोरी वदवून घेतली गो त्यानं." मी तिला दवाखान्यातून फोनवर जे बोलले होते, त्याच्याहून साहेबांचं बोलणं वेगळं होतं का, हे मी तेव्हा तपासलं नाही. आता वाटतं, फार वेगळं नव्हतं.

मी पत्रक लिहिलं. बंदरावर वाटलं, एसटी स्टँडवर वाटलं. लोकांनी वाचलं, मान हलवली, घडी घालून खिशात ठेवलं. कुणी म्हणालं, फार वाईट झालं. कुणी म्हणालं, पण बायकांनी उपास करू नये. काकीनंही पत्रक वाचून घेतलं माझ्याकडून. म्हणाली, "ह्याचं काय होणार? कागद हलका असतो."

पुढचं काकीनं केलं. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा एकदा घंटा वाजली नाही. माल होता, कंटेनर उभा होता, सगळं तसंच. काम सुटलं तेव्हा आम्ही सवयीनं डबे घेऊन नळाकडे निघालो. काकी नळासमोर आडवी उभी राहिली.

"घासायचा नाय," ती म्हणाली. "कुणीच नाय घासायचा. जसा हाय तसा घरी न्या."

बायका चरकल्या. एक म्हणाली, "अशुभ असतं काकी ते." काकी म्हणाली, "अशुभ झालेलंच हाय. घरच्यांना कळू दे."

मी माझा डबा तसाच नेला. आई बंदरावरून येऊन पाय धूत होती. मी डबा तिच्या हातात दिला. तिनं तो हातात तोलला आणि तिचा चेहरा मी कधी न पाहिलेला झाला. मी समोर उभी, जिवंत, धडधाकट, तरी तिनं माझा दंड धरून बघितला. "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, जेवायला सोडलं नाही. असं त्या संध्याकाळी वाडीतल्या घराघरात झालं. जड डबे दारातून आत गेले. दिवे लागायच्या आत सात-आठ जणी आणि त्यांच्या घरचे पुरुष सुपरवायझरच्या दारात उभे होते. कुणी आरडाओरडा केला नाही. माझ्या आईनं माझा डबा त्याच्या आईच्या पुढ्यात ठेवला. त्याच्या आईनं झाकण काढलं, भात बघितला, आणि लेकाला म्हणाली, "हे काय रे?" तो झाकण परत लावायला गेला. मला त्याची कीव आली नाही. अजूनही येत नाही.

आता घंटा बहुतेक दिवशी वेळेवर वाजते. हा विजय आहे असं मी कुठल्याही पत्रकात लिहिणार नाही. कंपनीनं काही मान्य केलेलं नाही. मावशी ओटीवर बसून असते. लेकीनं कॉलेज सोडलं आणि आईच्या जागेवर, माझ्या शेजारी, सोलाईला उभी राहते. सकाळी मावशी तिचा डबा भरायला बसते, डाव्या हातानं. भात परातीत पसरते, वाफ जाईपर्यंत थांबते. झाकण तिला लागत नाही, ते लेक लावते. परवा मी गेले तर मला म्हणाली, शब्द ओढत ओढत, "तिखट नाय घातलं. चमचा घातलाय." मग लेकीकडे मान करून, "तू बघ हां, जेवते का."

मी बघते. पण मी एका टेबलापुरती बघू शकते, म्हणून हे तुमच्यासाठी लिहिलं.

तुमच्या घरातून कुणी डबा घेऊन कामावर जात असेल, तर आज तो परत आला की आधी हातात घ्या. जड लागला तर घासू नका. "भूक नव्हती" हे उत्तर मानू नका. तो तसाच, उद्या सकाळी, जिथून तो भरलेला परत आला त्या गेटावर घेऊन जा, आणि ज्याच्या हातात घंटा आहे त्याला तुमच्यासमोर उघडायला लावा. आणि ती घंटा तुमच्याच हातात असेल, तर वाचणं इथे थांबवा. उठा. ती वाजवा.